प्रमाण, दोन्ही अर्थांनी

मराठीत 'प्रमाण' या शब्दाला दोन कामं एकदम करावी लागतात. नकाशाच्या कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं असतं ते प्रमाण, आणि वादात समोरचा 'प्रमाण काय?' म्हणून अडवतो तेही प्रमाण. एक मापाचं, दुसरं पुराव्याचं. जुन्या युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेतली की ही दोन्ही प्रमाणं एकमेकांचा हात सोडत नाहीत. माप चुकलं तर पुरावा वाया जातो, आणि पुरावा नसेल तर अचूक मापाला काही अर्थ उरत नाही.

उदाहरण म्हणून 'अझोव' घेऊ. रशियन आरमाराची ७४ तोफांची, शिडांवर चालणारी युद्धनौका. श्वेत समुद्राच्या काठी, आर्खांगेल्स्कजवळच्या सोलोंबाला गोदीत १८२५ साली तिचा कणा घातला आणि मे १८२६ मध्ये ती पाण्यात उतरली. पहिला कप्तान मिखाईल लाझारेव, त्याआधी १८१९ ते १८२१ च्या अंटार्क्टिक मोहिमेत 'मिर्नी' हे जहाज हाकणारा. २० ऑक्टोबर १८२७ ला ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाला नवारिनोच्या उपसागरात इंग्रज, फ्रेंच आणि रशियन ताफ्यांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. त्यात 'अझोव'वर रशियन रिअर अॅडमिरल हेडनचं निशाण होतं, म्हणजे ताफ्याचा सेनापती तिच्यावर होता. लढाईनंतर मोजलं तेव्हा तिच्या अंगावर १५३ भोकं निघाली, त्यातली ७ पाण्याखाली.

त्याच दिवशी, त्याच उपसागरात, इंग्रज अॅडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण 'एशिया' या ८४ तोफांच्या जहाजावर होतं, आणि 'एशिया' आपल्या मुंबईची. नौरोजी जमशेटजी वाडियांनी मुंबई गोदीत सागवानात बांधलेली, जानेवारी १८२४ मध्ये पाण्यात सोडलेली. 'अझोव' १८३१ मध्ये मोडीत निघाली, म्हणजे उणीपुरी पाच वर्षं जगली. 'एशिया'चं धड, म्हणजे काठ्या-शिडं सोडून उरलेलं जहाज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होतं. आर्खांगेल्स्कच्या गोद्यांत लार्च आणि पाइन वापरत. ते लाकूड जवळ मिळे, भराभर कापलं जाई आणि सागवानापेक्षा लवकर कुजे. तोफगोळ्यांचा हिशेब वेगळा धरला तरी लाकडाचा हा फरक उरतोच.

इथून सुरुवात करायचं कारण असं, की प्रतिकृती करणाऱ्याचा पहिला मोह खऱ्या लाकडाचा असतो. 'एशिया' सागवानाची तर सागवानच घ्यावं, 'अझोव' पाइनची तर पाइन. दोन्ही चूक. सागवानाच्या रेषेतली छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. ०.३ मिलिमीटरचं छिद्र १:१०० मध्ये ३ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जहाजाच्या कुशीला देवी आल्यासारख्या दिसतात. शिवाय सागवानात सिलिका असते, ती पातं बोथट करते, आणि तेल असतं, ते गोंद धरू देत नाही. पाइनच्या वाढीची वलयं २-३ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्येक फळीच्या रुंदीत एकच गडद पट्टा. लाकूड लहान केलं तरी त्याच्या रेषा लहान होत नाहीत. म्हणून जगभर पेअरचं किंवा बॉक्सवूडचं लाकूड वापरतात, दाट आणि जवळजवळ रेषाहीन. आपल्याकडे ते शोधत बसण्यापेक्षा हळदू घ्यावा. पिवळसर, बारीक पोताचा, धारेला न तुटणारा. नक्षीकामाला आणि दोर ओढायच्या कप्प्यांना काळा कुडा उत्तम. चन्नपट्टणची खेळणी ज्या हस्तिदंती रंगाच्या लाकडातून कातली जातात ते हेच. खऱ्या जहाजाशी इमान राखायचं तर त्याच्या लाकडाशी बेइमानी करावी लागते, आणि ही या कामातली पहिलीच तडजोड.

आता माप. 'अझोव'ची तोफमजल्यावरची लांबी सुमारे ५४ मीटर. १:१०० ला जहाजाचं धड ५४ सेंटिमीटर, पुढे झुकलेल्या काठीसकट पाऊण मीटरच्या वर. १:७२ ला धडच ७५ सेंटिमीटर आणि एकूण लांबी मीटरभराच्या पुढे. काचेची पेटी धरली तर फ्लॅटच्या दारातून वळवताना घाम फुटतो. ४८, ७२, ९६ हे आकडे फूट-इंचातून आले आहेत. पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८. पीटर द ग्रेटने रशियन साझेन ही लांबी ७ इंग्रजी फुटांशी बांधली, तेव्हापासून रशियन गोद्या फुटातच बोलत आल्या. त्यामुळे जुन्या आराखड्यावर काम करणाऱ्याला १:९६ सोपं जातं आणि मीटरमध्ये विचार करणाऱ्याला १:१००. मी १:१०० ची शिफारस करीन, कारण मनात भागाकार करता येतो. १ मिलिमीटर चुकला म्हणजे १० सेंटिमीटर चुकले. माणूस १७ मिलिमीटरचा. लांबी शंभर पटीने घटते, पण घनफळ दहा लाख पटीने. या वर्गाचं जहाज ३,००० टनांच्या आसपास पाणी सारतं, तेव्हा इमानदार प्रतिकृती ३ किलोच्या आसपास भरायला हवी. गंमत म्हणजे ती बहुधा भरतेही.

आराखड्याची छापील प्रत हातात आली की लगेच कापायला घेऊ नये. कागद आखडतो, झेरॉक्स यंत्र एका दिशेला किंचित ताणतं. आराखड्यावर मापपट्टी आखलेली असते. ती आडवीही तपासावी आणि प्रत फिरवून उभीही. ५४ सेंटिमीटरला अर्धा टक्का चूक म्हणजे २.७ मिलिमीटर, एक अख्खी फळी. आडव्या छेदांचा आराखडा एका प्रतीवरून आणि बाजूचा दुसऱ्या प्रतीवरून घेतला तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांत बसत नाहीत. ते कळतं फार उशिरा, पुढची बाजू बंद करताना.

सांगाडा ५ मिलिमीटर बर्च प्लायचा. मधोमध एक उभा कणा, त्याला आडव्या २० ते २२ पट्ट्या, २५ मिलिमीटरच्या आसपास अंतराने. कोकणातले सुतार ज्याला वाक म्हणतात त्या बरगड्यांची ही बदली. खरी जहाजबांधणी अशी नसते. तिथे बरगड्या इतक्या जवळजवळ असतात की मधे हात घालणं कठीण. पण वरून फळ्या लागणार असतील तर ही लबाडी चालते. इथे सर्वांत जास्त प्रतिकृती बिघडतात त्या खाचांमुळे. खाच घट्ट असली की पट्टी ठोकून बसवावीशी वाटते. प्रत्येक घट्ट खाच कण्याला केसभर रुंदावते, आणि अशा बावीस खाचांनी कणा केळ्यासारखा वाकतो. पट्टी बोटाच्या दाबाने आत जायला हवी आणि उलटं धरल्यावर पडायला नको. गोंद लावण्याआधी कणा सपाट फळीवर काटकोनी ठोकळ्यांमध्ये आवळून ठेवावा आणि पहिल्या फळ्या दोन्ही बाजूंना लागेपर्यंत सोडू नये. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, दोन-तीन पट्ट्यांमधली पोकळी बाल्साने भरावी, कारण तिथे फळी सर्वांत जास्त वळते आणि तिला टेकायला जागा लागते.

मग पट्ट्यांच्या कडा तासायच्या. हा कंटाळवाणा भाग, आणि म्हणून लोक तो उरकतात. १.५ मिलिमीटरची लवचिक पट्टी आडवी धरून नाळेपासून मागपर्यंत फिरवावी. ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे उचलली गेली तर तिथे खड्डा आहे, कुठे एकाच रेषेवर टेकली तर तिथे अजून तासायचंय. उजेड तिरका पाडावा. सरळ उजेडात सगळंच गुळगुळीत दिसतं.

फळ्यांचं गणित एकदा कागदावर करावं. मधोमध, कमरेच्या जाड पट्ट्यापासून कण्यापर्यंतचा घेर समजा १२० मिलिमीटर आहे. पहिल्या थराची फळी ५ मिलिमीटर, म्हणजे २४ फळ्या. नाळेजवळ तोच घेर ७२ मिलिमीटर. चोवीस फळ्या ७२ मध्ये बसवायच्या तर प्रत्येक फळी ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागेल. अर्ध्यापेक्षा जास्त रुंदी उरते आहे, तेव्हा चालेल. रुंदी निम्म्याच्या खाली जात असेल तर खऱ्या जहाजाप्रमाणे दोन फळ्यांची एक करावी. मागे उलट होतं: घेर वाढतो, तिथे पाचरीसारखे तुकडे घालावे लागतात. हा हिशेब न करता सरळ फळी लावत गेलं की चौथ्या-पाचव्या फळीला नाळेपाशी कड उचलायला लागते. मग ती दाबून बसवतात, आणि छताच्या कौलांसारखी एकावर एक चढलेली पुढची बाजू तयार होते. फळी जाडीतून हवी तशी वाकते, रुंदीतून वाकत नाही. लाकूड हट्टी आहे, त्याच्याशी भांडू नये.

गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग गरम नळीवर वाकवणं, आणि वाकवलेली फळी पूर्ण वाळू देणं. ओली फळी चिकटवली की वाळताना आकसते आणि दोन फळ्यांत पांढरी रेघ उघडी पडते. कोकण-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे काम न केलेलं बरं. पावसात फुगलेलं लाकूड लावलं तर जानेवारीत भेगा मोजत बसावं लागतं. एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, आलटून-पालटून. एक बाजू आधी पूर्ण केली की तिच्या ताणाने धड पिळवटतं. गोंद साधा पांढराच. झटपट चिकटणारा सुपरग्लू दुसऱ्या थराला वापरू नये, कारण तो रेषांत झिरपतो आणि नंतर तिथे पॉलिश बसत नाही. पुसट डाग राहतात, वार्निशखाली जास्तच उठून दिसणारे.

दुसरा थर दिसणारा. खऱ्या फळ्या २५ ते ३० सेंटिमीटर रुंद आणि ६ ते ९ मीटर लांब. म्हणजे इथे ३ मिलिमीटर रुंद, ६० ते ९० मिलिमीटर लांब. दोन शेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच बरगडीवर येऊ नयेत, मध्ये तीन फळ्या गेल्याशिवाय सांधा त्याच रेषेत परतू नये. फटीतली डांबराची रेघ दाखवायला फळीच्या एका कडेला मऊ पेन्सिल ओढली की पुरे. खरी फट सेंटिमीटरभर, इथे ०.१ मिलिमीटर, म्हणजे केसापेक्षा थोडीच जाड. मार्करची शाई वार्निश लागताच पसरते. काळा कागद घालणाऱ्यांचं जहाज रेघांच्या वहीसारखं दिसतं. लाकडी खुंट्यांचंही तेच: खरी खुंटी ३-४ सेंटिमीटर, इथे ०.३ ते ०.४ मिलिमीटर. ०.८ ची भोकं पाडून गडद लाकूड भरलेल्या प्रतिकृती पुष्कळ दिसतात. मेहनत अफाट, पण माणसाच्या १७ मिलिमीटर उंचीशेजारी त्या खुंट्या थाळीएवढ्या वाटतात. माझं मत असं, की १:१०० ला खुंट्या दाखवूच नयेत.

तोफांच्या खिडक्या. इथे एक बारीक गोष्ट आहे. खिडकीच्या उभ्या बाजू खरोखर उभ्या असतात, पाण्याच्या रेषेशी काटकोनात; पण खालची-वरची कड डेकच्या वळणाबरोबर जाते. धड जिथे आत झुकतं तिथे लोक कुशीला काटकोन धरून भोक पाडतात, आणि तोफा आभाळाकडे बघायला लागतात. दोन्ही रांगा आधी लवचिक पट्टीने, आतल्या डेकवरून उंची घेऊन आखाव्यात. या वर्गाच्या रशियन जहाजांवर खालच्या मजल्यावर ३६ पौंडी, वरच्यावर २४ पौंडी तोफा; हे पौंड गोळ्याच्या वजनाचे. ३६ पौंडीची नळी सुमारे ३ मीटर, म्हणजे ३० मिलिमीटर पितळ. पितळ काळं करण्याआधी अॅसिटोनने धुवावं, नंतर बोट लावू नये आणि द्रावण निम्मं पातळ करावं. तीव्र द्रावणाने काळेपणा पटकन येतो आणि चार महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो. सगळ्या नळ्या एका उंचीला आणायला लाकडाचा एक ठोकळा पुरतो.

रंगात शुद्ध काळा नकोच. लहान आकारावर काळा रंग भोकासारखा दिसतो. थोडा राखाडी मिसळला की लांबून पाहिल्यासारखा होतो. काळ्या धडावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी लोक ऐवाझोव्स्कीचं नवारिनोचं चित्र पुढे करतात. चित्र भव्य आहे, आणि चित्रकाराला जहाजं कळत होती यात शंका नाही. पण ते १८४६ चं. लढाईच्या दिवशी ऐवाझोव्स्की दहा वर्षांचा होता. चित्र आवडणं वेगळं, प्रमाण मानणं वेगळं. पीटरने १७०९ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये जहाजांच्या प्रतिकृती आणि आराखडे साठवायची 'मॉडेल-कामेरा' सुरू केली, तीच पुढे मध्यवर्ती नौदल संग्रहालय झाली. त्या काळात गोदीची प्रतिकृती हाच दस्तऐवज असे, आधी लहान जहाज आणि मग मोठं. आपण उलट्या दिशेने चाललो आहोत.

दोरखंडांवर मात्र रेंगाळायला हवं, कारण प्रतिकृतीचा जीव तिथे असतो आणि घात पण तिथेच होतो. जुन्या तक्त्यांत दोराचं माप इंचात दिलेलं असतं, आणि ते व्यासाचं नसतं, घेराचं असतं. १० इंची दोर म्हणजे १० इंच घेराचा, ३.१४ ने भागलं की व्यास ८.१ सेंटिमीटर, १:१०० ला ०.८ मिलिमीटर. हा भागाकार विसरला की अडीच मिलिमीटरचा दोर लागतो आणि डोलकाठी वेलीने गिळलेल्या खांबासारखी दिसते. किटमध्ये येणारा दोरा अनेकदा दोन-तीन जाडींचाच असतो. खऱ्या जहाजावर पंधरा-वीस जाड्या असतात. स्वतः पिळून घ्यावा: तीन धागे, एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला ड्रिल. सुती धागा दमट हवेत आखडतो, कोरड्यात सैल पडतो. आपल्या पावसाळ्यात सुती दोरांनी वरची बारीक डोलकाठी मागे ओढून वाकवलेली पाहायला मिळते. पॉलिएस्टर कमी देखणा, पण ऋतूंना भीक घालत नाही. त्याची चकाकी मधमाशीचं मेण लावून मारावी.

डोलकाठ्यांना बाजारातला गोल दांडा नको, तो महिन्यात वाकतो. सरळ रेषेची चौकोनी पट्टी घ्यावी. रुंदीचे २४ भाग करून ७, १०, ७ वर रेघा माराव्यात. कोपरे त्या रेघांपर्यंत तासले की नेमका अष्टकोन मिळतो. मग सोळा बाजू, मग गोल. निमुळतेपणा चौकोनातच द्यावा, गोल झाल्यावर दिलेला निमुळतेपणा कधीच सारखा येत नाही.

बाजूचे तिरके दोर चढवताना क्रम पाळावा: उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, मग पुन्हा उजवीकडे. एक बाजू संपवून दुसरी घेतली की काठी कलते. पुढे खेचणारे जाड दोर काठीच्या डोक्यावर यांच्यानंतर येतात, त्यांच्यावर बसतात. आधी घातले तर सगळं सोडावं लागतं. या तिरक्या दोरांचीच वर चढायची शिडी होते; तिच्या आडव्या दोऱ्या ३.८ मिलिमीटर अंतराने, मागे आखलेला कागद लावून. गाठ घट्ट मारू नये. प्रत्येक गाठीने उभे दोर केसभर आत ओढले की वीस गाठींनंतर शिडीला वाळूच्या घड्याळासारखी कंबर येते. परबाणांवरच्या, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांवरच्या, कप्प्या परबाण टेबलावर असतानाच बांधून घ्याव्यात. वर चढवल्यावर तिथे चिमटा पोचतो, संयम पोचत नाही. कप्प्या मूठभर असोत की शेकड्यांनी, सँडपेपर आतून लावलेल्या बाटलीत घालून बाटली ड्रिलवर फिरवली की कडा एकसारख्या गोल होतात.

शिडं लावावीत का? बहुतेकांना पूर्ण शिडं हवी असतात. पण नवारिनोला जहाजं नांगर टाकून लढली, तेव्हा तिथली शिडं गुंडाळलेलीच दाखवावीत. कापडी शिडं यंत्रावर शिवू नयेत. २ मिलिमीटरचा टाका म्हणजे २० सेंटिमीटरचा टाका. गुंडाळलेली शिडं पातळ टिश्यू कागदाची करावीत, आणि खऱ्या आकाराच्या निम्मीच. पूर्ण शीड गुंडाळलं की परबाणावर गादी बांधल्यासारखी दिसते.

पेटी. ओकची किंवा एमडीएफची बंद पेटी म्हणजे शिशाच्या भागांना विष. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढऱ्या भुकटीत बदलतं. ओतीव नांगर आणि तोफा आधी फुगतात, मग तडकतात. म्हणून शिशाचे भाग वापरूच नयेत, आणि पेटीला तळाशी जाळी लावलेली हवेची भोकं ठेवावीत. जाळी अत्यावश्यक. वाळवीला इतिहासाचं प्रेम नसतं.

प्रतिकृतीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण या जहाजाच्या वंशाची. 'अझोव'ची स्मृती म्हणून 'पाम्यात अझोवा' हे नाव रशियन आरमारात पुन्हा पुन्हा दिलं गेलं. त्या नावाच्या पोलादी क्रूझरमधून राजपुत्र निकोलस, पुढचा झार निकोलस दुसरा, पूर्वेच्या प्रवासाला निघाला आणि डिसेंबर १८९० मध्ये मुंबईला उतरला. पुढच्या वर्षी रशियन जवाहिऱ्या फाबर्जेच्या कारखान्याने त्या क्रूझरची सोन्या-प्लॅटिनमची इवलीशी प्रतिकृती एका दगडी अंड्यात बसवली. ते अंडं आज मॉस्कोत क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात आहे. सोन्याच्या तारेचे दोर, पाण्याच्या जागी अॅक्वामरीन. लाकडाच्या रेषांची काळजी तरी तिथे नव्हती.

सर्वांत शेवटी निशाण. रशियन आरमाराचं निशाण पांढरं, त्यावर निळा तिरपा क्रॉस. 'अझोव'ला मात्र नवारिनोच्या पराक्रमासाठी सेंट जॉर्जचं निशाण मिळालं, मधोमध लाल ढाल आणि तिच्यात घोडेस्वार. रशियन आरमारात हा मान मिळवणारं ते पहिलं जहाज. हुकुमाची तारीख रशियन पंचांगाने १७ डिसेंबर १८२७. लढाई त्याच पंचांगाने ८ ऑक्टोबरची. त्या शतकात दोन पंचांगांत बारा दिवसांचं अंतर होतं, आणि २० ऑक्टोबर ती हीच. जॉर्जचं निशाण दिसायला सुंदर, म्हणून ते लढाईतल्या 'अझोव'वर हमखास फडकवलं जातं. ढाल हवी असेल तर जहाज १८२८ नंतरचं करावं, दुरुस्त झालेलं. नवारिनोचं करायचं तर साधा निळा क्रॉस. टिश्यू कागदावर दोन्ही बाजूंना छापून, पातळ गोंदात भिजवून, वरच्या कोपऱ्यापासून तिरक्या घड्या पाडाव्यात, कारण लटकणारं कापड तिरकं पडतं. वाळेपर्यंत खालच्या कोपऱ्याला एक चिमटा अडकवून ठेवावा.